इंग्रजी कोणाच्या सांगण्यावरून?

एप्रिल २००५मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी सौदी अरेबियाचे युवराज अब्दुल्ला यांना टेक्सासमधल्या क्रॉफर्डजवळच्या आपल्या रँचवर बोलावलं. बोलणी मुख्यतः तेलाच्या भावाची आणि दहशतवादाची होती. पण त्या भेटीत आणखी एक गोष्ट पुढे सरकली : सौदी विद्यार्थ्यांनी पुन्हा अमेरिकेत शिकायला यावं. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर त्यांचा आकडा घसरत तीन हजारांच्या आसपास आला होता. २००५मध्येच अब्दुल्ला राजे झाले, त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली आणि २०१५-१६पर्यंत अमेरिकेतले सौदी विद्यार्थी ६१ हजारांवर पोचले. यातल्या पुष्कळांना थेट पदवीच्या वर्गात बसण्याइतकं इंग्रजी येत नव्हतं. त्याचीही तजवीज होती. फी, विमानाचं तिकीट, दरमहा भत्ता, सोबत आलेल्या कुटुंबाचा खर्च आणि मुख्य अभ्यासक्रमाआधी नुसतं इंग्रजी शिकण्याचे महिने, असं सगळं सरकारी तिजोरीतून होत होतं. अमेरिकेतल्या लहानसहान गावांमधल्या विद्यापीठांची इंग्रजी केंद्रं रियाध आणि जेद्दाच्या मुलांनी भरून गेली.

मग तेल उतरलं. २०१६मध्ये रियाधने शिष्यवृत्तीचे नियम आवळले आणि त्या केंद्रांतली बाकं रिकामी होऊ लागली. इंग्रजीचं महत्त्व तेवढंच होतं, मुलांची हुशारीही तेवढीच होती. आटला होता तो पैसा.

भाषाशाळेत नाव घालताना जो अर्ज भरायचा असतो, त्यात एक रकाना हमखास असतो : इंग्रजी का शिकायचं आहे? त्यात रियाधचा मुलगा, सोलची मुलगी, साओ पावलोचा तरुण आणि पंजाबातल्या मोगा जिल्ह्यातली बारावी पास मुलगी साधारण एकच लिहितात. भविष्यासाठी, करिअरसाठी, जग पाहण्यासाठी. ही उत्तरं खोटी नसतात, पण त्यांतून फारसं काही कळतही नाही. परदेशी विद्यार्थी इंग्रजी का शिकतात, या प्रश्नावर साठ-पासष्ट वर्षं संशोधन चाललेलं आहे. त्याचा बराचसा भाग या रकान्यातल्या उत्तरांची वर्गवारी करण्यात गेला. रकान्याबाहेरच्या गोष्टींकडे, म्हणजे पैसा कोण देतो, परीक्षा कोण घेतो, व्हिसा कोण देतो आणि तिथे गेल्यावर बोलायला कोण तयार होतं, याकडे लक्ष जायला उशीर झाला.

सुरुवात झाली कॅनडात. १९५९मध्ये रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी माँट्रियलमधल्या इंग्रजीभाषक शाळकरी मुलांचा अभ्यास केला. ही मुलं फ्रेंच शिकत होती. कोणाला फ्रेंच बोलणाऱ्या लोकांविषयी ओढ होती, त्यांच्यात मिसळायचं होतं. कोणाला नोकरीत उपयोग होईल म्हणून भाषा हवी होती. पहिली जवळिकीची प्रेरणा, दुसरी उपयोगाची. जवळिकीची प्रेरणा असलेली मुलं पुढे जातात, असा निष्कर्ष निघाला. १९७२मध्ये या दोघांचं पुस्तक आलं आणि जगभरच्या भाषाशिक्षकांच्या प्रशिक्षणात ही जोडी कायमची जाऊन बसली.

माँट्रियलमध्ये हे खरं असणारच. तिथे दोन्ही भाषांची माणसं एकाच शहरात, एकाच ट्राममध्ये असत. फ्रेंच शिकणाऱ्या मुलाला फ्रेंच माणूस रस्ता ओलांडला की भेटत होता. पण ज्या मुलीला इंग्रज माणूस सिनेमाबाहेर कधी दिसलाच नाही, तिची जवळीक कोणाशी व्हायची?

हा प्रश्न मुंबईतून विचारला गेला, आणि तोही मराठी मुलींच्या निमित्ताने. यास्मीन लुकमानी यांनी मुंबईतल्या मराठीभाषक शाळकरी मुलींची पाहणी केली. त्यात साठ मुली होत्या. हा अभ्यास १९७२मध्येच प्रसिद्ध झाला. या मुलींना इंग्रजी हवं होतं ते चांगल्या नोकरीसाठी, शिक्षणासाठी, नव्या राहणीशी नातं जोडण्यासाठी. इंग्रजांसारखं व्हावं, त्यांच्यात वावरावं, ही ओढ मागे होती. आणि ज्यांची उपयोगाची प्रेरणा जोरकस, त्यांचंच इंग्रजी परीक्षेत सरस ठरलं. माँट्रियलचा निष्कर्ष इथे उलटा झाला. खुद्द गार्डनर आणि लॅम्बर्ट यांनाही फिलिपिन्समध्ये काहीसं असंच आढळलं होतं. महाराष्ट्राला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणण्याची रीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर चालत आली आहे, आणि ते दूध पिऊन कोणाला वाघिणीच्या घरी राहायला जायचं नव्हतं. लुकमानींच्या मुली घर, गाव, माणसं सोडायला तयार नव्हत्या. त्यांना फक्त दार उघडं हवं होतं. आज मागे वळून पाहताना वाटतं, की या छोट्याशा अभ्यासाला माँट्रियलइतकी प्रसिद्धी मिळाली असती, तर पुढची पंधरा-वीस वर्षं बरीच फुकट खटपट वाचली असती.

त्यानंतरचा मोठा बदल हंगेरीतून आला. तिथे १९८९पर्यंत शाळेत रशियन सक्तीची होती. मुलं ती वर्षानुवर्षं शिकत आणि तरीही बोलू शकत नसत, याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. सक्ती उठल्यावर झोल्तान डर्न्येई आणि काता चिझेर यांनी १९९३, १९९९ आणि २००४ अशा तीन फेऱ्यांत १३ हजारांहून जास्त हंगेरियन मुलामुलींना विचारलं, की तुम्हाला कोणती परकी भाषा हवी आणि का? इंग्रजी पुढे गेली, बाकीच्या मागे पडत गेल्या. पण या मुलांच्या आसपास इंग्रज वा अमेरिकन समाज नव्हताच. मग त्यांची जवळीक नेमकी कोणाशी होती? डर्न्येईंचं उत्तर असं, की ती दुसऱ्या कोणाशी नव्हतीच, स्वतःच्याच उद्याच्या रूपाशी होती. आपण फाडफाड इंग्रजी बोलतो आहोत, परदेशात काम करतो आहोत, असं चित्र मुलाच्या डोळ्यांपुढे असतं. आजच्या स्वतःत आणि त्या चित्रात जे अंतर असतं, ते त्याला खेचत नेतं. दुसरं एक चित्र इतरांनी रंगवलेलं असतं : आईवडिलांना, नवऱ्याला, शिक्षकांना आपण कसे हवे आहोत त्याचं. तिसरी गोष्ट म्हणजे वर्गातला प्रत्यक्ष अनुभव. २००५मध्ये ही मांडणी झाली आणि पुढच्या दहा वर्षांत तिच्यावर लेखांचा पाऊस पडला.

इतरांनी रंगवलेलं चित्र म्हणजे काय, हे समजायला मराठी वाचकाला हंगेरीपर्यंत जायची गरज नाही. आनंदीबाई जोशी १८८३मध्ये कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या आणि १८८६मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांचं शिक्षण सुरू झालं ते गोपाळरावांच्या हट्टाने, आणि तो हट्ट प्रसंगी हात उगारण्यापर्यंत जाई. पण पुढे त्यात दुसरा धागा मिसळला. गोपाळरावांचं एक पत्र अमेरिकेतल्या मिशनरी मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते दंतवैद्याकडे ताटकळत बसलेल्या असताना वाचलं आणि आनंदीबाईंना लिहिलं. दोघींची वर्षानुवर्षं इंग्रजीत पत्रापत्री चालली; आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. नवऱ्याच्या धाकाने सुरू झालेली भाषा एका परक्या बाईशी मन मोकळं करण्याची भाषा झाली. त्यात स्वतः डॉक्टर होण्याचा निश्चय आला. अर्जातल्या रकान्यात यातलं नेमकं काय लिहायचं?

डर्न्येईंच्या मांडणीचा हिशेब मांडला तो एका सौदी संशोधकाने. अली अल-हूरी यांनी २०१८मध्ये तोवर झालेल्या अभ्यासांतल्या ३२ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची आकडेवारी एकत्र केली. ज्याच्या मनात इंग्रजी बोलणाऱ्या स्वतःचं चित्र ठळक, तो ‘मी खूप मेहनत घेणार आहे’ असंही जोरात सांगतो. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध ०.६१ निघाला, म्हणजे चांगलाच मोठा. पण तेच चित्र आणि प्रत्यक्षात आलेलं इंग्रजी यांचा संबंध फक्त ०.२०. इतरांनी रंगवलेल्या चित्राचा तर प्रत्यक्ष यशाशी जवळजवळ संबंधच दिसला नाही. थोडक्यात, प्रश्नावलीवर जो उत्साही दिसतो तो उत्साही आहे इतकंच कळतं. तो शिकेल का, हे नाही. प्रश्नावल्यांवर पीएच.डी. मिळवणाऱ्या सगळ्यांनी हे दोन आकडे टेबलासमोर चिकटवून ठेवायला हरकत नाही.

मग शिकणं ठरतं कशावर? एक मोठा वाटा परीक्षेचा. अमेरिकी विद्यापीठांसाठीची टोफेल १९६४पासून आहे, आयईएलटीएस १९८९पासून. शून्य ते नऊ बँडच्या या मोजपट्टीवर साडेसहा की सहा, यावर लाखो घरांचे बेत ठरतात. परीक्षा आली की तिच्याभोवती बाजार उभा राहतो आणि पुढे बाजारच प्रेरणा पुरवू लागतो. बीजिंगमध्ये यू मिनहोंग नावाच्या इंग्रजीच्या माजी प्राध्यापकाने १९९३मध्ये न्यू ओरिएंटल ही शिकवणी काढली. स्वतः त्यांना अमेरिकेचा व्हिसा मिळाला नव्हता. त्यांच्याकडे टोफेल आणि जीआरईसाठी इतकी गर्दी लोटली, की २००६मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली. त्याआधी अमेरिकी परीक्षासंस्थेने प्रश्न चोरल्याबद्दल तिला चिनी कोर्टात खेचलं होतं आणि खटला जिंकलाही होता. त्याच काळात ली यांग या माणसाचं ‘क्रेझी इंग्लिश’ जोरात होतं. मैदानं भरून विद्यार्थी त्याच्यामागून इंग्रजी वाक्यं बेंबीच्या देठापासून ओरडत. लाज गेली पाहिजे, ही त्यामागची कल्पना. आणि देश बलवान करायचा तर इंग्रजी काबीज करा, हा त्याला दिलेला देशभक्तीचा रंग. इंग्रजांविषयी जवळीक त्यात शोधूनही सापडली नसती.

पंजाबात परीक्षेने लग्नाचा बाजारही हलवला. जालंधर, मोगा, लुधियाना भागात स्थळांच्या जाहिरातींत मुलीचे बँड छापले जाऊ लागले. मुलीने आयईएलटीएस काढायची, मुलाच्या घरच्यांनी तिच्या फीचा आणि प्रवासाचा खर्च उचलायचा आणि तिच्या मागून त्याने जोडीदाराच्या व्हिसावर कॅनडा गाठायचं, असा हा व्यवहार होता. त्यात फसवणुकीच्या तक्रारी झाल्या, पोलीस केसेस झाल्या. तरीही एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. ज्या घरात मुलीच्या शिक्षणावर खर्च करताना हात आखडत होता, तिथे ती मुलगी इंग्रजीच्या क्लासला जाऊ लागली, आणि तिचे बँड ही घरातली सगळ्यात मोलाची गोष्ट झाली. उपयोग कोणाचा आणि कोणासाठी, हा गुंता तिच्या एकटीच्या मनात शोधून सुटणार नाही.

कोरियात हा भार आईच्या अंगावर आहे. तिथल्या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेत इंग्रजी श्रवणाचा भाग सुरू असताना देशभर विमानांची उड्डाणं आणि उतरणं अर्धा तासभर थांबवली जातात, यावरून त्या विषयाचं वजन कळावं. नव्वदच्या दशकापासून हजारो घरांमध्ये आई मुलांना घेऊन न्यूझीलंड, कॅनडा, सिंगापूर अशा ठिकाणी राहायला गेली आणि बाप सोलमध्ये एकटा राहून पैसे पाठवत राहिला. अशा बापांना तिथे रानहंस म्हणतात. ज्यांना एवढं झेपत नाही ते फिलिपिन्समध्ये बागियो किंवा सेबूला जातात : एका विद्यार्थ्यामागे एक शिक्षिका, दिवसभर तास, आणि काही शाळांत आठवडाभर फाटकाबाहेर पाऊल टाकायला बंदी. फी ऑस्ट्रेलियाच्या मानाने खूपच कमी. फिलिपिनो शिक्षिकेचं इंग्रजी अस्सल नाही, अशी कुरकुर काही पालक करतात. पण पुढे ऑस्ट्रेलियात पोचलेली बरीच मुलं सांगतात, की तोंड उघडलं ते सेबूतच. आठ वर्षांच्या मुलाला तुझी प्रेरणा काय, असं विचारण्यात काही अर्थ नसतो. त्याची प्रेरणा दुसऱ्या खोलीत हिशेबाची वही घेऊन बसलेली असते.

सरकारने प्रेरणा पुरवायची ठरवलं, पण भाषेचा विचार आधी केला नाही, तर काय होतं, ते ब्राझीलने दाखवलं. २०११मध्ये अध्यक्ष दिल्मा रूसेफ यांनी ‘सीमांपलीकडचं विज्ञान’ अशा अर्थाच्या नावाची योजना काढली. १ लाख १ हजार शिष्यवृत्त्या, जगातल्या उत्तम विद्यापीठांत. विद्यार्थ्यांनी अर्ज भरले आणि फार मोठ्या संख्येने पोर्तुगाल मागितला, कारण तिथे पोर्तुगीजच चालते. २०१३मध्ये सरकारला यादीतून पोर्तुगाल काढून टाकावा लागला. इंग्रजी शिकवणारी जोडयोजना २०१२च्या अखेरीस घाईने सुरू झाली होती. तरीही २०१४मध्ये कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात भाषेचे वर्ग करत असलेल्या शंभराहून अधिक विद्यार्थ्यांना, पुरेसं इंग्रजी झालं नाही म्हणून, परत बोलावण्यात आलं. शिष्यवृत्ती फुकट होती, विमान फुकट होतं, विद्यार्थी हुशार होते. पण आठ-दहा महिन्यांत भाषा अंगी लागावी, ही अपेक्षा कागदावरच राहिली.

ब्राझीलचेच हजारो तरुण आपल्या पैशाने डब्लिनला जातात, आणि ती गोष्ट याहून बोलकी आहे. आयर्लंडमध्ये २५ आठवड्यांच्या इंग्रजी अभ्यासक्रमाला नाव घातलं, की आठ महिने राहता येतं. आठवड्याला १५ तास वर्ग, ८५ टक्के हजेरी सक्तीची आणि शिवाय २० तास नोकरीची परवानगी. उन्हाळ्यात आणि नाताळच्या सुमारास ४० तास. असं तीनदा करता येतं, म्हणजे एकूण दोन वर्षं. मग सकाळी इंग्रजीचा तास आणि संध्याकाळी सायकलवरून खाण्याची पार्सलं पोचवणं. युरोपबाहेरून तिथे इंग्रजी शिकायला येणाऱ्यांत ब्राझीलचाच गट सगळ्यात मोठा. वर्गात निम्म्याअधिक पोर्तुगीज बोलणारे, भाड्याच्या खोलीत सगळेच, आणि पार्सल देताना लागणारं इंग्रजी चार वाक्यांचं. २०१४-१५मध्ये तिथल्या डझनभराहून अधिक खासगी भाषाशाळा एकामागून एक बंद पडल्या आणि फी भरलेली मुलं रस्त्यावर आली. त्यानंतर नियम कडक झाले. हे विद्यार्थी खरे विद्यार्थीच नव्हेत, असं आयरिश वर्तमानपत्रांत अधूनमधून छापून येतं. ते अन्यायाचं आहे. राहण्याची परवानगी हवी म्हणून आलेला माणूस भाषा मनापासून शिकू शकतो. त्याला शिकायला माणसं मिळत नाहीत, ही अडचण आहे.

सगळंच पैसा आणि परवाना यांवर येऊन थांबतं, असं मात्र नाही. जपानमधून सिडनीला गेलेल्या तरुणींचा अभ्यास किमिए ताकाहाशी यांनी केला. २०१३मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं. मासिकं, सिनेमे आणि इंग्रजी क्लासच्या जाहिराती यांनी या मुलींच्या मनात पाश्चात्त्य जगाविषयी, तिथल्या पुरुषांविषयी, वेगळ्या आयुष्याविषयी एक हुरहूर पेरलेली होती. जपानी कचेरीत चहा देत वरच्या पायरीची वाट पाहण्यापेक्षा हे बरं, असाही हिशेब त्यात होता. सिडनीत उतरल्यावर मात्र ज्यांच्याशी बोलायचं ते ‘अस्सल’ इंग्रजीभाषक सहज भेटेनात. हुरहूर ही फार मोठी प्रेरणा असते, पण तिला बाजारात भाव आहे हे जाहिरातवाल्यांना संशोधकांच्या कितीतरी आधी कळलं होतं.

परदेशी पोचल्यावर काय होतं, यावर सगळ्यात धारदार काम बॉनी नॉर्टन यांचं. कॅनडात नव्याने आलेल्या पाच स्त्रियांना त्यांनी डायऱ्या लिहायला सांगितल्या. १९९५मध्ये त्यावरचा लेख गाजला. या स्त्रिया स्थलांतरित होत्या, विद्यापीठातल्या विद्यार्थिनी नव्हत्या, पण त्यांची गोष्ट कोणत्याही परदेशी विद्यार्थ्याला आपली वाटेल. पोलंडहून आलेली एक जण खानावळीत साफसफाईचं काम करत होती. बरोबरीच्या मुली तिच्याशी बोलत नसत, कारण ते काम करणाऱ्या बाईशी काय बोलायचं? तिला इंग्रजी शिकायची इच्छा नव्हती असं कोण म्हणेल? संधीच नव्हती. पुढे सुट्टीच्या सहलीत, कामाबाहेर भेट झाल्यावर ती हळूहळू त्यांच्या बोलण्यात शिरली. चेकोस्लोव्हाकियाची दुसरी बाई आधी आपल्या मुलांकडून भाषांतर करून घ्यायची. घरमालक वर्षभराचं भाडं मागू लागला तेव्हा तिने फोन हातात घेतला आणि त्याच्याशी तासभर भांडली. आई म्हणून ती मागे हटू शकत नव्हती. प्रेरणा हा माणसाच्या अंगचा गुण असल्यासारखं बोलणं बंद करा, असं नॉर्टन म्हणतात. माणूस भाषेत काय गुंतवतो आणि समोरचे त्याला बोलू देतात का, ते पाहा. प्रेरणेवरच्या साठ वर्षांच्या लिखाणातलं एकच काम वाचायला निवडायचं झालं, तर ते हे.

आणि समोरचे बोलू देतातच असं नाही. स्टीफन बोखनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७मध्ये हवाईतल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की जिवाभावाचे मित्र बहुतेक आपल्याच देशाचे असतात. यजमान देशाची माणसं अभ्यासातल्या आणि कागदपत्रांतल्या अडचणींपुरती. टेक्सास किंवा न्यू जर्सीतल्या विद्यापीठात पुण्या-नागपूरची चार मुलं एका फ्लॅटमध्ये राहतात, आळीपाळीने भात-आमटी करतात आणि घरात मराठी-हिंदी बोलतात, तेव्हा ती हाच नियम पाळत असतात. त्यांना इंग्रजी आधीपासून येतं म्हणून फारसं बिघडत नाही. ज्याला ते अजून शिकायचं आहे, त्याची मात्र उमेद काही महिन्यांत ओसरू शकते.

इथे नकाशा उलटा धरून पाहायला हवा. इंग्रजी शिकायला निघालेले सगळे लंडन-टोरंटोलाच जातात असं नाही. त्यातले काही पुण्याला येतात. इराण, अफगाणिस्तान, येमेन, इराक, सुदान आणि आफ्रिकेतल्या कितीतरी देशांची मुलं वर्षानुवर्षं पुण्यातल्या कॉलेजांत शिकत आली आहेत. डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१मध्ये सिंबायोसिस स्थापन केली तीच मुळी परदेशी विद्यार्थ्यांची आबाळ पाहून. भारत सरकारच्या २०२१-२२च्या उच्चशिक्षण पाहणीनुसार देशात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते. सर्वांत जास्त नेपाळचे, त्याखालोखाल अफगाणिस्तानचे. आखाती वा आफ्रिकी विद्यार्थ्याला इथे इंग्रजी माध्यमातली पदवी परवडते, आणि इंग्रजी कच्चं असेल तर आधी भाषेचा कोर्स करता येतो. त्याचा शिक्षक सातारचा असतो, वर्गमित्र सुदानचा, घरमालक कोथरूडचा. रिक्षावाल्याशी हिंदी चालवावी लागते. मग इंग्रजी लागते ती येमेनी मुलाला केनियाच्या मुलाशी बोलायला. जवळीक इंग्रजांशी की अमेरिकनांशी, हा जुना प्रश्न इथे विचारताच येत नाही.

ऑगस्ट २०२१मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं तेव्हा पुण्यातल्या अफगाण विद्यार्थ्यांपुढे जे संकट उभं राहिलं, ते प्रेरणेच्या कोणत्याही तक्त्यात बसत नाही. दूतावासात, परदेशी मदतसंस्थेत किंवा सरकारी खात्यात इंग्रजी जाणणाऱ्याला काबूलमध्ये जागा होती. ते काबूलच उरलं नाही. सुट्टीला गेलेल्यांचे व्हिसा रद्द झाले, इथे असलेल्यांना परतायला जागा राहिली नाही. इंग्रजी त्यांना आता तिसऱ्याच देशात आसरा मिळवण्यासाठी हवी होती. शिकणारा तोच, पुस्तकही तेच, आणि कारण एका आठवड्यात बदललं.

कारणं नुसती बदलत नाहीत, एकमेकांत मिसळतातही. सुमात्रातल्या जांबी शहरातल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांवरचा मार्टिन लॅम्ब यांचा अभ्यास २००४मध्ये आला. त्यात दिसलं, की गाणी, संगणक, नोकरी, परदेशी शिक्षण आणि गोऱ्या पाहुण्यांशी गप्पा ही सगळी कारणं मुलांच्या मनात एकमेकांत इतकी मिसळलेली असतात, की जवळीक कुठे संपते आणि उपयोग कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. जपानच्या तोमोको याशिमा यांनी त्याआधी दोन वर्षं ‘आंतरराष्ट्रीय वृत्ती’ची कल्पना मांडली होती : मुलांना अमुक एका देशाची ओढ नसते, जगात वावरण्याची असते.

या सगळ्या संशोधनात एक मोठी पोकळी आहे. २००५ ते २०१४ या काळात प्रेरणेवर निघालेल्या चारशेहून अधिक लेखांची छाननी झाली, तेव्हा जवळपास तीन चतुर्थांश अभ्यास एकट्या इंग्रजीचे निघाले. तेही बहुतांशी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर, कारण प्रश्नावली भरून द्यायला ते समोरच बसलेले असतात. डब्लिनचा सायकलवाला, मोग्याची नवरी किंवा नवऱ्याच्या व्हिसावर न्यू जर्सीत राहणारी आणि वाचनालयातल्या फुकट संभाषणवर्गाला जाणारी बाई प्रश्नावलीच्या टप्प्यात येत नाहीत. इंग्रजी सोडून दुसरी भाषा शिकणाऱ्यांबद्दल तर फारच थोडं ठाऊक आहे.

आणि नेमकं तिकडेच वारं फिरू लागलं आहे. २०२४च्या जानेवारीत कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली, ब्रिटनने बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुटुंब आणण्यास मनाई केली, मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाने विद्यार्थी व्हिसासाठी लागणारे बँड साडेपाचवरून सहावर नेले. अमेरिकेत २०२३-२४मध्ये भारतीय विद्यार्थी ३,३१,६०२ होते आणि चीनला मागे टाकून पहिले आले, हे खरं. पण त्याच सुमारास जर्मनीतही भारतीय विद्यार्थी पहिल्या क्रमांकावर गेले, ४९ हजारांच्या पुढे. सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षणशुल्क बहुतेक ठिकाणी नाहीच आणि अभियांत्रिकीचे पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीतून मिळतात. तिथे प्रवेशासाठी इंग्रजीची परीक्षा लागते. पण भाड्याची खोली, सुपरमार्केटमधली अर्धवेळ नोकरी आणि पदवीनंतरचं काम यांसाठी जर्मनच लागते. पुण्यातल्या मॅक्समुल्लर भवनात आणि रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकणारी मुलं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आज त्या वर्गांत बसलेल्या अभियंत्यांपैकी अनेकांच्या पिशवीत आयईएलटीएसचा निकाल आधीपासून असतो, आणि हातात पहिल्या पातळीचं जर्मन पुस्तक.